वेळासचा मुक्काम वेळासातच करावा

वेळासला कासवांची पिल्ले पाहायला जाणाऱ्यांनी राहण्याची जागा ठरवताना सर्वांत आधी पत्त्यातील तालुका वाचावा. वेळास हे नाना फडणवीसांचे गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, सावित्रीच्या मुखाच्या दक्षिणेला आहे. पत्त्यात श्रीवर्धन तालुका दिसला तर ती जागा खाडीच्या उत्तरेला, रायगड जिल्ह्यात आहे असे समजावे, मग जाहिरातीत ‘वेळासजवळ, समुद्रालगत’ असे कितीही ठळक छापलेले असो. आम्हाला अशीच एक खोली गळ्यात मारण्यात आली. ‘समोरच वेळास, खाडी ओलांडली की झाले’ असे मालकांनी फोनवर सांगितले होते, आणि नुसता नकाशा पाहिला तर त्यांचे म्हणणे खोटेही ठरत नाही.

पिल्ले साधारण सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास समुद्राकडे सोडतात. उत्तरेकडून सकाळची वेळ साधायची म्हणजे अंधारात उठून बागमांडल्याचा धक्का गाठायचा, फेरीबोट लागेपर्यंत ताटकळायचे, गाडी चढवायची, पलीकडे वेशवीला उतरवायची, बाणकोटवरून अरुंद, वळणावळणाच्या रस्त्याने वेळासला यायचे आणि गावात गाडी लावून किनाऱ्यापर्यंत पायी जायचे. हे सगळे धावतपळत करूनही आम्ही वाळूत पाय ठेवला तेव्हा लोक कॅमेरे पिशवीत घालून परत निघाले होते. संध्याकाळी याच्या उलट हाल होतात, कारण पिल्ले पाण्यात शिरत असतानाही निम्मे लक्ष घड्याळाकडे आणि शेवटच्या फेरीकडे लागलेले असते. फेरी टाळण्यासाठी आंबेतच्या पुलावरून जाण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मनावर घेऊ नये. सात वाजताचे काम असताना खाडीला एवढा वळसा घालणे शहाणपणाचे नाही.

बिलाचा प्रकार तर आणखी संतापजनक होता. माणशी दर ‘जेवणखाण धरून’ असा ठरलेला असताना निघताना हातात आलेल्या कागदावर सकाळचे पोहे वेगळे, दुसरा चहा वेगळा आणि गरम पाण्याची बादली 40 रुपयांप्रमाणे वेगळी लावलेली होती. रात्रीच्या ताटात सुरमईची जी एक पातळ तुकडी आली, तिची रक्कमही ‘स्पेशल’ म्हणून जोडलेली होती. हुज्जत घातल्यावर बादल्यांचे पैसे वजा झाले, सुरमईचे झाले नाहीत. अशा ठिकाणी पुन्हा जाणार नाही आणि कोणी जाऊही नये.

त्यानंतर वेळासात एका घरी सोय झाली आणि त्रास संपला. येथे हॉटेल शोधत बसू नये. गावकरी आपल्याच घरात पाहुणे ठेवतात, दर माणशी असतो आणि त्यात खरोखरच दोन्ही वेळचे जेवण येते. निजायला गाद्या ओटीवर किंवा माजघरात, बहुधा इतर पाहुण्यांच्या शेजारी घातलेल्या असतात आणि सकाळी न्हाणीघराबाहेर रांग लागते, तेव्हा स्वतंत्र खोली हवी असल्यास ते आधीच स्पष्ट बोलून घ्यावे. आमच्या यजमानीणबाईंकडे जेवण शाकाहारीच होते: भात, आमटी, उसळ, सोलकढी आणि एका दुपारी उकडीचे मोदक. मासळीवाचून ज्यांचे पान हलत नाही त्यांनी हे लक्षात ठेवावे.

गावात राहण्याचा खरा फायदा सकाळी कळतो. चहा घेऊन निघाले की पोफळीच्या वाड्या आणि सुरूचे बन ओलांडून वेळेवर किनाऱ्याला पोहोचता येते. तेथे जाळीच्या कुंपणात, घरट्यांवर पालथ्या घातलेल्या टोपल्या एकेक करून उचलल्या जातात आणि खाली पिल्ले आहेत की नुसती वाळू, हे त्याच क्षणी सर्वांना कळते. आमच्या वेळी पहिल्या काही टोपल्या रिकाम्या निघाल्या, मग एकीखाली काळसर, तळहाताहूनही लहान पिल्ले वाळू ढकलत वर येताना दिसली. अंडी घातल्यापासून पिल्ले बाहेर येईपर्यंत साधारण 45 ते 55 दिवस लागतात, त्यामुळे अमुक दिवशी हमखास दिसतील असे कोणीही सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्याकडे खोली घेऊ नये. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये येथे हे संवर्धनाचे काम सुरू केले.

बाणकोटचा किल्ला पाहिला, चांगला आहे.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जाणार असाल तर शनिवार-रविवार शक्यतो सोडावा, आदल्या संध्याकाळीच गावात पोहोचावे म्हणजे दोन वेळा संधी मिळते, आणि रोख पैसे जवळ ठेवावेत. दर ठरवताना नाश्ता, चहा, गरम पाणी आणि सोबत चालक असल्यास त्याचे जेवण ही चारही नावे घेऊन विचारावे व उत्तर मोबाइलवर लिहून मागवावे. हरिहरेश्वर पाहायचे असेल तर सकाळची पिल्ले पाहून, जेवून, भर दुपारी फेरीने पलीकडे जावे. मासळी तिकडे खावी, पण ताट मागवण्याआधी तुकडीचा भाव विचारून घ्यावा.