चोराची राखण

मी इंग्लंडमध्ये, डेव्हनच्या किनारपट्टीवर कीटकांच्या नोंदी घेण्याचं काम करते. जूनमध्ये सकाळी वारा पडला आणि ऊन आलं की बाकीची कामं बाजूला ठेवून आम्ही कडा गाठतो, कारण दुपारपर्यंत आभाळाचा काही नेम नसतो.

प्रॉल पॉइंट म्हणजे डेव्हनचं अगदी दक्षिणेकडचं टोक. खाली कठीण खडक आणि वर हिमयुगात साचलेल्या मऊ मातीचा थर. त्या मातीच्या उघड्या, उन्हात तापलेल्या कापांत युसेरा लाँगिकॉर्निस ही लांब मिशांची मधमाशी बिळं करते. नराच्या मिशा जवळजवळ त्याच्या अंगाएवढ्या लांब असतात. तिच्याच बिळांवर जगणारी दुसरी मधमाशी, नोमाडा सेक्सफॅशिआटा, ब्रिटनमध्ये आज फक्त इथेच असल्याचं माहीत आहे.

त्या दिवशी ती दिसली. अंगावर पिवळे पट्टे, केस जवळजवळ नाहीतच. नवख्याला गांधीलमाशीच वाटावी. पराग गोळा करायचेच नसल्यामुळे पायांवर त्यासाठीची लव नाही. जमिनीला लागून उडत ती एकेका बिळाशी थांबायची, मिशांनी तोंड चाचपायची आणि पुढे सरकायची. तेवढ्यात एक युसेरा परागांनी पिवळेजर्द झालेले पाय घेऊन आली, आत शिरली, रिकामी होऊन परत उडाली. ती गेल्याबरोबर नोमाडा आत! मी श्वास रोखून बसले होते. थोड्या वेळाने ती बाहेर आली, मिशांवरची माती पुसली आणि निघून गेली.

दुसरीच्या घरात आपलं अंडं घालायचं, हा कोकिळेचाच प्रकार, पण जास्त निर्दय. नोमाडाच्या अळीचे जबडे कोयत्यासारखे वाकडे असतात. त्यांनी ती यजमानाचं, म्हणजे युसेराचं, अंडं किंवा अळी मारते आणि साठवलेल्या परागांवर वाढते.

शेजारच्या शेताचे मालक कुत्र्याला फिरवायला आले होते. त्यांना कॅमेऱ्यातला फोटो दाखवून हे सगळं सांगितलं आणि गवत इतक्यात कापू नका, असंही सुचवलं. ते म्हणाले, "म्हणजे चोरच की ही! आणि हिच्यासाठी मी गवत कापायचं नाही?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांना त्यांच्याच बांधावर नेलं. तिथे मटाराच्या कुळातल्या एका रानवेलीला पिवळी फुलं आली होती आणि युसेराच्या माद्या त्यांवर तुटून पडल्या होत्या. त्यांचा मुख्य पराग याच कुळातला. १९३० च्या दशकापासून पुढच्या पन्नासेक वर्षांत इंग्लंड आणि वेल्समधली सुमारे ९७ टक्के फुलांची कुरणं गेली. फुलं गेली तशी युसेरा कमी झाली, आणि यजमान कमी झाला की त्याच्यावर जगणारा त्याच्याआधी संपतो. ही चोर अजून इथे आहे याचा अर्थ तिला पुरून उरतील एवढ्या युसेरा इथे आहेत. नोमाडासाठी वेगळं असं काहीच करता येत नाही. तिच्यासाठी जे करायचं ते सगळं युसेरासाठी करायचं: फुलं राखायची, काटेरी झुडपं मातीवर चढू द्यायची नाहीत, आणि कडा थोडाथोडा ढासळू द्यायचा. हे शेवटचं लोकांना सहसा पटत नाही. पण ढासळण्यामुळेच बिळांसाठी ताजी उघडी माती मिळत राहते.

मला विचाराल तर त्या माशीच्या जगण्यात चांगलं-वाईट शोधायचं कारणच नाही. लाखो वर्षं दोघी एकमेकींसोबत टिकल्या. युसेराचं घर मोडलं ते आपण.

ते बराच वेळ फुलांकडे पाहत राहिले. मग विचारलं, "कधीपर्यंत ठेवायचं?"

"जुलै संपेपर्यंत."

त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. ट्रॅक्टर तो चालवतो. समुद्राकडचा पट्टा यंदा उशिरा कापायचं ठरलं. वरच्या शेताचं बोलणं अजून व्हायचं आहे. ते गवत त्यांना गुरांसाठी लवकर हवं असतं, त्यामुळे तिथे निदान कडेने तरी फुलांची पट्टी सोडता येईल का, हे मुलाशी समोरासमोर बसून बोलायला हवं.