ओढायचं, ढकलायचं नाही

तुमच्याकडे आता पहिल्या पावसाची वाट बघणं चालू असेल. इथे अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात जूनचा दुसरा आठवडा उजाडला तरी खिंडींमधला बर्फ हललेला नाही. ऑगस्टा नावाच्या छोट्याशा गावातून आमची गाडी बेंचमार्ककडे वळली. तिथून पुढे तीसेक मैल कच्चा रस्ता. तो संपतो तिथे मोबाईलची रेंज कधीच गेलेली असते, आणि बॉब मार्शल अरण्याची पायवाट सुरू होते.

मी इथल्याच मिसूला शहरात वनशास्त्र शिकते, हे तुम्हाला माहीतच आहे. विद्यार्थी व्हिसावर बाहेर पगारी काम सहज मिळत नाही, म्हणून या पायवाट दुरुस्तीच्या तुकडीत मी आठ दिवस स्वयंसेवक म्हणून आले. बाकीची पाच जणं पूर्ण हंगाम इथेच असणार : आठ दिवस जंगलात, मग थोडी सुट्टी, पुन्हा आठ दिवस, असं थेट थंडी पडेपर्यंत. सगळ्यात लहान मुलगा १९ वर्षांचा आहे आणि आमची लीडर २४ वर्षांची. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांचे बूट कोरे करकरीत होते आणि तळहात मऊ. बोलणंही जरा बेताचंच चाललं होतं.

काम सांगायला सोपं आहे. हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने, वाऱ्याने, कोसळणाऱ्या हिमकड्यांनी शेकडो झाडं वाटेवर आडवी होतात. वणव्यात जळून उभी राहिलेली वठलेली झाडं तर दरवर्षी पडतच असतात. ती कापून बाजूला करायची, म्हणजे माणसं आणि खेचरं पुढे जाऊ शकतील. पण हे सगळं हाताने. अमेरिकेत १९६४ साली अरण्यांसाठी एक कायदा झाला, आणि बॉब मार्शल हे त्यात अगदी सुरुवातीलाच संरक्षित झालेलं अरण्य. इथे इंजिनाचं किंवा चाकाचं काहीही चालत नाही. चेनसॉ नाही, सायकल नाही, दगड वाहायला एकचाकी हातगाडीसुद्धा नाही. सुमारे १० लाख एकरांचा मुलूख, आणि त्यातल्या वाटा करवत, कुऱ्हाड आणि कुदळीवर मोकळ्या ठेवायच्या. आधी मला हा हट्ट वाटला होता. दोन दिवस ती शांतता ऐकली, आणि आता तो कायदा कोणी बदलू नये असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे जी दोन माणसांची करवत आहे ती जवळजवळ माझ्या उंचीची आहे आणि माझ्या आजीच्या वयाची असेल. इथले जाणते लोक सांगतात की तसं पातं आता बनत नाही. दातांवर जुन्या फायर होजचा पाईप उभा चिरून चढवलेला असतो, मुठी काढून ठेवलेल्या असतात. लीडर तिला लहान मूल उचलावं तशी उचलते. जमिनीवर ठेवायची नाही, दगडाला लागू द्यायची नाही. एक दात बोथटला तर धार लावायला जाणकार माणूसच लागतो.

पहिलं झाड लॉजपोल पाइनचं होतं, माझ्या मांडीएवढं जाड. मी एका बाजूला, ओहायोची एक मुलगी दुसऱ्या बाजूला. मी जोर लावून करवत तिच्याकडे ढकलली आणि पातं मधोमध वाकलं. लीडरने हात वर करून थांबवलं. म्हणाली, "फक्त ओढ. तिची पाळी आली की सोडून दे. तिला मदत करायला जाऊ नकोस."

आणि मला मावळातल्या घराच्या पडवीतलं जातं आठवलं. आजी आणि धाकटी काकू समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीने ओढायचं, दुसरीने हात सैल ठेवायचा. लहानपणी मी मध्येच खुंटा धरायला गेले की जातं अडखळायचं, आणि आजी म्हणायची, "हात जड करू नगंस." तेच शब्द मी इथे स्वतःशी पुटपुटले. थोड्या वेळाने लय लागली. लय लागली की करवतीचा आवाजच बदलतो, खरखर जाऊन एक गाता सूर येतो, आणि भुसा पडत नाही, शेवया पडतात! खरंच, हाताने वळल्यासारख्या लांब, पिवळसर, राळेचा वास येणाऱ्या शेवया.

कापण्याआधी झाड नीट वाचून घ्यावं लागतं. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर वरची बाजू दाबलेली असते आणि खालची ताणलेली. वरून नुसतं कापत गेलात तर काप मिटतो आणि करवत आत अडकते. मग कापात पाचर ठोकायची, किंवा उरलेलं खालून कापायचं. उतारावर असाल तर ओंडका सुटल्यावर कुठे गडगडेल ते बघून दोघींनी वरच्या अंगाला उभं राहायचं. आम्ही पहिल्या झाडाभोवती दहा मिनिटं फिरलो. पाचव्या झाडाला दोन मिनिटं पुरली.

दुसरं रोजचं अवजार पुलास्की : एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळ. एड पुलास्की या वनरक्षकाचं नाव त्याला मिळालं. १९१० च्या प्रचंड वणव्यात त्याने आपल्या चाळीसहून अधिक माणसांना खाणीच्या बोगद्यात नेलं आणि त्यातली बहुतेक वाचवली. या अवजाराने आम्ही पाण्याला वाट करून देतो. पायवाटेचा खरा शत्रू पाणीच. आपल्या गडांच्या वाटांचे पावसाळ्यात कसे ओढे होतात ते श्रमदानाला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलंय. शेताच्या बांधाला सांडवा ठेवतात, तसाच इथे वाटेला तिरका ओंडका पुरून सांडवा करतात, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न सुटता उताराला निघून जातं. मला वाटतं, हे आपल्याकडेही करून बघायला हवं. दगड आपल्याकडे भरपूर आहेत.

रात्री सगळं खाणं, अगदी टूथपेस्टसुद्धा, पिशवीत भरून झाडांमध्ये टांगायचं : जमिनीपासून १० फूट वर, खोडापासून ४ फूट दूर. हे ग्रिझली अस्वलांचं घर आहे. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तुकडीला इतकी आवडली की तिसऱ्याच दिवशी संपली. आई, पुढच्या पार्सलमध्ये दुप्पट पाठव.

चौथ्या दिवशी दुपारी स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी जातीच्या एका मोठ्या आडव्या झाडापाशी पोचलो. दोन काप घ्यायला तासाहून जास्त वेळ गेला. मधला तुकडा सुटला, पण जागचा हलेना. मग आम्ही चौघं जमिनीवर बसलो, पाठी मागच्या उताराला टेकवल्या आणि आठ पाय ओंडक्याला लावले. एक, दोन, तीन. तो किंचित डोलला, परत आला, आणि दुसऱ्या खेपेला गडगडत झुडपांत गेला.

मागे खेचरांची रांग थांबलेली होती. आमचंच पुढच्या मुक्कामाचं सामान त्यांच्या पाठीवर. पहिल्या खेचराने ताज्या कापाचा वास घेतला, कान टवकारले, आणि त्या फटीतून पलीकडे गेलं. त्याच्यामागून एकेक करत बाकीची सगळी.