शिट्टी न होणारा कुकर

वैशाखातली दुपार. गल्ली निजलेली. कूलरच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही, आणि मधेच कुठल्यातरी घरातून फुस्स होतं. कुकर म्हणावं तर शिट्टी होत नाही. अर्धा मिनिट चालतं, थांबतं, पुन्हा फुस्स. समोरच्या ओसरीतून काकू विचारतात, "काय शिजून राह्यलं वं?" शिजत काहीच नसतं. लेकाने शहरातून आणलेलं वाफेचं मशीन ओट्यामागच्या टाइल्सवर चालू असतं.

काकूंचा अंदाज तसा अगदी चुकीचा नाही. बंद टाकी, बुडाशी कॉइल, तोंडाशी रबरी रिंग आणि दाब वाढला तर उघडणारी झडप, म्हणजे कुकरच तो. दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ साली हाडं मऊ शिजवायला जे दाबाचं भांडं केलं, त्याचाच हा लांबचा नातू. त्यामुळे कुकरचे सगळे नियम इथे लागू. दाब असताना झाकण फिरवायचं नाही. आधी प्लग काढायचा, मग बटण दाबून उरलेली वाफ पूर्ण सोडायची आणि टाकी हाताला सोसेल इतकी निवू द्यायची. पाणी मधेच संपलं म्हणून तापलेल्या टाकीत गार पाणी ओतणारे बहाद्दर घरोघरी असतात. ते पाणी तळाला लागताच वाफ होऊन तोंडावर येतं. आणि वाफेचं भाजणं उकळत्या पाण्यापेक्षा वाईट. १०० अंशाचं १ ग्रॅम पाणी ४० अंशापर्यंत निवताना ६० कॅलरी देतं. १ ग्रॅम वाफ मात्र कातडीवर पाणी होताना आधीच ५४० कॅलरी देऊन बसते, ते ६० पुन्हा वर.

वाफ ही गोष्ट आपल्याकडे नवी थोडीच आहे. परीट सोड्याच्या पाण्यात भिजवलेले कपडे भट्टीवर रचायचा, ते वाफेवरच निघायचे. आणि ढेकणांचा रविवार? घरातल्या सगळ्या बाजा अंगणात उभ्या. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर गंजभर पाणी खळखळतं आहे, पोरांना चार हात लांब बसवलं आहे आणि तरी ती सरकत सरकत जवळ येताहेत. आजी पदर खोचून तांब्याने बाजेच्या सांध्यात पाणी सोडते. पाय आणि आडवी लाकडं जिथे बसतात त्या भोकातून लालसर काळे ठिपके टपटप खाली. पोरं मोजायला लागतात. मोजणी विसाच्या पुढे गेली की भांडण, कारण एकाने मेलेला ढेकूण दोनदा मोजलेला असतो. मग बाज दिवसभर उन्हात, सुतळी वाळून ताठ, आणि रात्री तिच्यावर झोपलं की कोरडा करकर आवाज.

पंधरा दिवसांत ढेकूण परत. दोष आजीचा नव्हता, पाण्याचा होता. ढेकूण आणि त्याची अंडी झटक्यात मरायला ६० अंशाच्या आसपास उष्णता लागते. तांब्यातून सांध्यात उतरेपर्यंत, लाकूड ओलं करेपर्यंत, पाणी तेवढं राहत नाही. आतल्या फटीतली अंडी कोमट अंघोळ करून मोकळी.

मशीन इथे खरोखर उपयोगी आहे, पण चालवायची रीत उलटी आहे. बारीक नळीचा जोरदार झोत मारला की ढेकूण मरण्याआधी उडतो आणि शेजारच्या उशीत जाऊन बसतो. रुंद तोंड लावायचं, त्यावर जुन्या सुती धोतराचा तुकडा बांधायचा, वाफ मंद ठेवायची आणि एक फूट अंतर चालायला दहा सेकंद तरी घ्यायचे. गादीची शिवण, पलंगाचे सांधे, पलंगामागची भिंतीची फट, सगळीकडे हीच चाल. वाफ गेल्याबरोबर जागा ७० ते ८० अंश तापलेली असली पाहिजे. मग गादी उन्हात. उन्हाचं काही आपल्याला कमी नाही. आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एक फेरी, कारण एखादं अंडं सुटतंच.

मशीनच्या खोक्यावर छापलेला वाफेच्या उष्णतेचा आकडा वाचून लोक मशीन भिंतीपासून हातभर लांब धरतात आणि जंतू मारल्याच्या समाधानात फिरतात. टाकीत ३ बार दाबाला वाफ १४० अंशाच्या वर असते हे खरं. पण तोंडातून बाहेर पडली की ती फुगते, हवेत मिसळते आणि वीतभर अंतरावर तिचं नुसतं कोमट धुकं झालेलं असतं. तोंड दोन बोटांवर हवं. जाळीचा ओशट थर, बर्नरची कडा, फ्रिजच्या दाराचं रबर, टाइल्समधल्या काळ्या पडलेल्या रेषा, इथे दोन बोटांवरून हळू नेलं तर मळ डोळ्यांदेखत ओघळतो. चिवट, वार्निशासारखं वाळलेलं सोयाबीन तेल असेल तर आधी भांड्याच्या साबणाचं पाणी लावून दहा मिनिटं थांबावं. आणि झाडल्याशिवाय फरशीवर वाफ सोडू नये, धुळीचा चिखल होतो. माझा खरा राग मात्र वाफ मारून नुसतं पाहत बसणाऱ्यांवर. वाफ मळ सैल करते, उचलत नाही. दुसऱ्या हातात फडकं तयार नसेल, तर तेल दहा-पंधरा सेकंदांत निवून तिथेच चार बोटं खाली पुन्हा चिकटतं. मग म्हणतात मशीन बेकार.

नळावरचा पांढरा थर मात्र वाफेला दाद देत नाही. तो क्षार. त्याला निंबू किंवा लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिडच हवं. वाफेने निघेना म्हणून काहीजण वर संडासाचं ॲसिड ओततात आणि त्यावरच पुन्हा वाफ सोडतात. न्हाणीच्या बंद दारामागे असला प्रयोग करणाऱ्याला हात जोडावे आणि दार उघडून बाहेर ओढावं. ब्लीचिंगचंही तेच.

हाच क्षार मशीनच्या मुळावर येतो. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ज्याला माहीत आहे, त्याला हे सांगायला नको. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच राहतात. लिटरमागे १ ग्रॅम क्षार असलेलं बोअरचं पाणी पन्नास लिटर भरलं की ५० ग्रॅम माती-मीठ कॉइलवर आणि तळाशी. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर २०००. यावरून आपल्या हापशाचा अंदाज घ्यावा. आधी वाफेचा जोर मंदावतो, मग नळीतून पांढरे कण थुंकले जातात, मग एक दिवस कॉइल जळते. उपाय सोपा आहे. गावात आरओचं कॅन मिळतं, तेच टाकीत घालावं. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणीही चालतं, पण काही मशीनमधली पाण्याची पातळी मोजणारी सुई क्षाराशिवायच्या पाण्याला पाणीच मानत नाही, म्हणून त्यात निम्मं साधं मिसळावं. महिन्यातून एकदा थंड टाकीत लिटरला २० ग्रॅम लिंबूफूल विरघळवून, मशीन सुरू न करता, तास-दोन तास तसंच ठेवावं. मग दोन-तीनदा खंगाळून टाकावं. आणि काम झालं की टाकीत उरलेलं पाणी ओतून द्यावं, ते तसंच ठेवलं तर पुढच्या खेपेला आणखी खारं.

लाइटचंही सांगतो. १५०० वॅटचं मशीन २३० व्होल्टला साडेसहा अँपियर ओढतं. पंख्या-मोबाइलच्या छोट्या पिनेला ते झेपत नाही, मोठी जाड पिन, म्हणजे १६ अँपियरचा बोर्ड आणि नीट अर्थिंग हवं. पिवळ्या एक्स्टेन्शनवर लावलं की आधी प्लास्टिकचा वास येतो, मग पिन काळी पडते. संध्याकाळी सगळ्या गावाचे पंखे, कूलर चालू झाले की व्होल्टेज १८०वर येतं आणि मशीन १५०० ऐवजी साधारण ९२० वॅटचंच काम करतं. सात मिनिटांत तापणारी टाकी मग अकरा-बारा मिनिटं घेते. लोक म्हणतात मशीन म्हातारं झालं. बिचारं उपाशी असतं.

कुठे नको, तेही. सारवलेल्या जमिनीवर काही उपयोग नाही, थर फुगून पोपडे सुटतात. डिस्टेंपरच्या भिंतीचंही तेच. आलापल्लीच्या सागवानी दाराला जुनं लाखेचं पॉलिश असेल तर वाफेने पांढरे ढग उमटतात आणि ते घासून जात नाहीत. सनमायक्याच्या कडा सुटतात. पौषातल्या सकाळी गार काचेवर एकदम वाफ सोडली तर तडा. आणि कापूस! भाव वाढेल म्हणून सपरीत, कधी अर्ध्या माजघरात रचून ठेवलेला कापूस असेल त्या खोलीत मशीन नेऊच नये. ओल धरली की आतून काय काय होतं ते शेतकऱ्याला विचारा. त्या कापसातले तंतू उडून मशीनच्या फडक्याला जे चिकटतात, ते वेगळंच.

महालक्ष्म्या बसायच्या आठवड्यात या मशीनला घरात सगळ्यांत जास्त मान असतो. ओटा, खिडक्या, जाळ्या, देवघराखालची फरशी. दुपारभर फुस्स चालतं, टाइल्स चमकतात, काकू पाहायला येतात आणि टाइल्सवर बोट फिरवून "चांगलं निंगालं हो" म्हणतात. मशीन गुंडाळून आलमारीवर जातं. मागे उरतात सात-आठ काळीकुट्ट, तेलकट फडकी, ओल्या गोळ्यासारखी. ती वाफेच्या मशीनने धुता येत नाहीत, वॉशिंग मशीनमध्ये कोणी घालू देत नाही. हापशाच्या दगडावर, निळ्या साबणाच्या वडीने, आपटून.