परवानगीचा कागद आणि मैदानाशेजारची घरे

मराठवाड्यात उघड्यावरच्या मोठ्या कार्यक्रमांचा हंगाम ठरलेला आहे. मार्चनंतर ऊन चढते, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि जूनपासून पावसाचा भरवसा नसतो. त्यामुळे दिवाळी उरकली की फेब्रुवारी संपेपर्यंतच्या काळातच सारे महोत्सव, तिकीट लावून होणाऱ्या संगीत रजनी आणि अलीकडे फोफावलेल्या डीजे नाइट उरकून घ्याव्या लागतात. नेमका हाच काळ दहावी-बारावीच्या अभ्यासाचा आणि परीक्षांचा. छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासच्या आजूबाजूला ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी एकीत मी राहतो. आमच्या गल्लीच्या टोकाला खासगी मालकीचे मोठे मैदान आहे आणि हिवाळ्यात ते भाड्याने जाते. त्या अनुभवातून आणि त्यानंतर नियम वाचून माझे एक मत बनले आहे. अशा कार्यक्रमांचे नियमन ही कार्यक्रमाच्या रात्री पोलिसांनी येऊन करण्याची गोष्ट नाही. ते परवानगी देतानाच व्हायला हवे, आणि आज नेमके तेथेच काही होत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण असा विषय काढला की समोरचा पहिल्याच वाक्याला ‘तुम्हाला संगीताचे वावडे आहे’ असे ठरवून मोकळा होतो. सोनेरी महालाच्या प्रांगणात वेरूळ-अजिंठा महोत्सव होतो तेव्हा मी शाल घेऊन हौसेने जातो. ज्या देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला, त्या देवगिरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने गाण्याला विरोध करावा हे शोभणारेही नाही. माझा आक्षेप गाण्याला नाही आणि कार्यक्रमालाही नाही. शेजारच्या चारशे घरांचा विचार ज्याच्यात कुठेच आलेला नसतो, त्या परवानगीच्या कागदाला आहे.

कायदा नाही असे मुळीच नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून देशभर लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० ही मर्यादा त्यांत आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. ध्वनिक्षेपक लावायचा तर सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि बंदिस्त सभागृहाचा अपवाद सोडला तर रात्री १० नंतर उघड्यावर तो वाजवता येत नाही. शिवाय सार्वजनिक ठिकाणी लावलेल्या ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर मोजला असता त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. जागा खासगी असेल तर ही सवलत १० ऐवजी ५ डेसिबलचीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात शांततेने जगण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ शी जोडला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ठाण्याच्या एका डॉक्टरांच्या याचिकेवर या नियमांच्या अंमलबजावणीबाबत राज्य सरकारला सविस्तर आदेश दिले. कागदावर एवढे सारे असताना माझ्या घराच्या खिडक्या का थरथरतात, हे समजून घ्यायचे तर थोडे गणित करावे लागते.

निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५. मैदान सार्वजनिक धरले तरी हद्दीवर ६५ डेसिबलच्या पुढे जाता येत नाही आणि खासगी धरले तर ६० च्याच. आता मोठ्या खुल्या कार्यक्रमात साउंडवाल्याच्या मिक्सरपाशी, म्हणजे मंचासमोर जिथून आवाज कमीजास्त केला जातो त्या यंत्रापाशी, ९५ ते १०० डेसिबल आवाज असणे ही रोजची बाब आहे; त्याहून कमी आवाजात हजारोंच्या गर्दीला काही ऐकूच येत नाही, असे ते लोक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ढोबळमानाने ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे मंचापासून ३० मीटरवर १०० असेल तर ६० मीटरवर ९४, १२० वर ८८, २४० वर ८२ आणि ४८० मीटरवर ७६. जवळजवळ अर्धा किलोमीटर दूर गेल्यावरही जो आकडा ७५ च्या खाली येत नाही, तो शे-दीडशे मीटर लांबीच्या मैदानाच्या कुंपणावर ६५ कसा होणार? वसाहतीला लागून असलेल्या मैदानावर असा कार्यक्रम नियमात बसूच शकत नाही आणि परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला हे ठाऊक नसते असे मानणे कठीण आहे. तरीही कागदावर ‘ध्वनिप्रदूषणाच्या नियमांचे काटेकोर पालन करावे’ ही अट छापलेली असते. जी अट पाळली जाणार नाही हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत आहे, तिला मी नियमन म्हणू शकत नाही.

आकड्यांची दुसरी अडचण आणखी आतली आहे. हे सारे डेसिबल ‘ए’ पद्धतीने मोजायचे असतात, म्हणजे माणसाच्या कानाला कमी ऐकू येणारे खर्जातले आवाज मोजताना वजा होतात. ६३ हर्ट्झच्या (सेकंदाला ६३ कंपनांच्या, म्हणजे अगदी खर्जातल्या आवाजाच्या) आसपास ही वजाबाकी सुमारे २६ डेसिबलची असते. बासचा जो ठोका प्रत्यक्षात ८५ डेसिबलचा आहे, तो मापकावर जेमतेम ५९ दिसतो. भिंती आणि बंद खिडक्या उंच स्वर बऱ्यापैकी अडवतात, खर्ज अडवत नाहीत. आमच्याकडे कार्यक्रमाच्या संध्याकाळी गायकाचा शब्द कळत नाही, गाणे कोणते आहे तेही ओळखता येत नाही. पण स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची स्टीलची ताटे एकमेकांवर किणकिणत राहतात आणि खिडकीच्या सरकत्या काचेवर तळहात ठेवला तर ठोका हाताला लागतो. ब्रिटनमधील नॉइज कौन्सिलने १९९५ साली संगीत कार्यक्रमांसाठी जी आचारसंहिता काढली, तिने हे ओळखले होते. ६३ किंवा १२५ हर्ट्झच्या पट्ट्यात ७० डेसिबलपर्यंत आवाज चालण्यासारखा आणि ८० च्या पुढे तो लक्षणीय त्रासाचा, असे त्या संहितेच्या टिपणात म्हटले आहे, आणि हा त्रास मैदानाच्या अगदी जवळ असतो त्यापेक्षा दूर गेल्यावर अधिक जाणवतो असेही. त्या संहितेतील आणखी एक गोष्ट मला आपल्याकडच्यापेक्षा शहाणपणाची वाटते. शहरातल्या स्टेडियमवर वर्षात तीनच दिवस कार्यक्रम असतील तर घरांपाशी १५ मिनिटांच्या सरासरीने ७५ डेसिबलपर्यंत चालते. चार ते बारा दिवस असतील तर त्या भागातल्या एरवीच्या आवाजापेक्षा १५ डेसिबलहून अधिक जाता येत नाही. म्हणजे शेजाऱ्यांना कितीदा त्रास होतो, हेही मोजमापात धरले जाते आणि मोजणी होते ती घरांपाशी. आपल्या नियमांत रात्रीची मुभा वर्षातून किती दिवस द्यायची याची गणती आहे; एका मैदानावर हंगामात किती कार्यक्रम होतात, याची नाही.

आणि हंगाम हिवाळ्याचा आहे, हे विसरू नये. आपल्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असते, सूर्य मावळल्यावर जमीन झपाट्याने थंड होते आणि तिच्या लगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. अशा वेळी एरवी वर निघून जाणारा आवाज जमिनीकडे वाकतो आणि लांबवर पोहोचतो. दुपारी साउंड चेकच्या वेळी जे मैदानापुरते वाटते, ते रात्री नऊला पलीकडच्या वाडीपर्यंत जाते. दुपारच्या चाचणीवर विसंबून ‘आवाज मर्यादेत आहे’ म्हणणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवे.

आता हा कागद तयार कसा होतो ते पाहू. जागेसाठी मालकाचा करार किंवा महापालिकेचे ना हरकत प्रमाणपत्र, अग्निशमन दलाचा दाखला, विजेच्या जोडणीची तपासणी, वाहतूक पोलिसांचे पत्र, मद्य असेल तर उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना, आणि मनोरंजनाचा व ध्वनिक्षेपकाचा पोलीस परवाना. प्रत्येक खाते आपापले पाहते आणि त्यात चूक काही नाही. पण या साखळीत एकाही टेबलावर ‘जवळचे घर किती अंतरावर आहे’ हा प्रश्न विचारला जात नाही. गेल्या हंगामातील एका कार्यक्रमाच्या परवानगीची प्रत मी माहितीच्या अधिकारात मागवली. ती मिळाली तेव्हा कार्यक्रमाचा मंडप कधीच उतरला होता. प्रतीत मैदानाचा भाग निवासी धरला की व्यापारी, याचा उल्लेखच नव्हता. ही किरकोळ त्रुटी नाही, कारण या दोन वर्गांच्या मर्यादेत १० डेसिबलचे अंतर आहे आणि १० डेसिबल म्हणजे ध्वनिऊर्जेत दहापट. वर्गच लिहिलेला नसेल तर उल्लंघन झाले की नाही हे ठरवणार कशावरून?

मग उरतो तो रात्रीचा फोन. ११२ वर फोन केला की गाडी येते, हे मी कबूल करतो. येतच नाहीत अशी तक्रार माझी नाही. पण आलेला हवालदार मंचापर्यंत जातो, संयोजकांशी बोलतो आणि परत येऊन आमच्या फाटकापाशी सांगतो, “काका, परमिशन आहे त्यांच्याकडं. दहाला बंद करायला लावतो, त्याच्या आधी मी काय करू?” त्याच्याजवळ मापक नसतो, असला तरी पंचनामा करून, नोंद घेऊन, पुढे पाठवण्याइतका वेळ पंधरा हजारांच्या गर्दीचा बंदोबस्त सांभाळताना त्याला कुठून मिळणार? भर कार्यक्रमात आवाज बंद करायला लावला आणि गर्दी बिथरली तर काय, ही त्याची भीती मला रास्त वाटते. शिक्षेचा धाकही पूर्वीचा राहिलेला नाही. पर्यावरण संरक्षण कायद्यातील थेट कैदेची तरतूद जनविश्वास कायद्याने गेली आणि तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतची शास्ती आली. लाखोंच्या तिकीटविक्रीपुढे वर्षभराने कदाचित होणाऱ्या शास्तीचा हिशेब संयोजक खर्चात धरून टाकतो.

वेळेच्या बाबतीत मात्र गोष्टी सुधारल्या आहेत, हे सांगायला हवे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात एके काळी भैरवी पहाटे होत असे. आवाजाचे नियम आले आणि भीमसेनजींनी उभ्या केलेल्या त्या महोत्सवाने आपल्या रात्रभराच्या मैफली आटोपत्या घेतल्या. रसिकांना ते आजही खटकते, मलाही खटकते. पण एवढा मानाचा महोत्सव जर घड्याळ पाळतो, तर कालपरवा निघालेल्या इव्हेंट कंपनीने सवलत मागण्यात काय अर्थ आहे? रात्री १२ पर्यंतची मुभा वर्षात जास्तीत जास्त १५ दिवसच देता येते, ती धार्मिक वा सांस्कृतिक उत्सवांसाठी आहे आणि ते दिवस आधी जाहीर करावे लागतात. ‘त्या पंधरातला आजचा दिवस आहे’ असे आम्हाला एकदा ठणकावून सांगण्यात आले होते. तो दिवस यादीत नव्हता. आणि असता तरी मुभा वेळेची असते, आवाजाच्या मर्यादेची नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. एका मोठ्या कार्यक्रमावर मंडपवाले, लाइटवाले, जनरेटरवाले, वडापावच्या गाड्या, पार्किंगवर उभी राहणारी पोरे अशा कितीतरी जणांचे दोन दिवसांचे पोट असते, आणि संयोजकालाही आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत परवानगी हातात पडत नाही. हे कार्यक्रम शहराबाहेर ढकलले की प्रश्न सुटतो, असेही मला वाटत नाही. २०१६ साली सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा महोत्सव पुण्याजवळ केसनंदला झाला, तेव्हा तो भाग शहराबाहेरचाच होता. बाहेर म्हणजे कुणाच्या तरी गावात, आणि गावची ग्रामपंचायत एवढा कार्यक्रम तोलायला महापालिकेपेक्षा दुबळीच असते.

म्हणून येत्या हंगामासाठी आमच्या वसाहतीने पोलीस आयुक्तालय आणि महापालिका या दोहोंकडे जो अर्ज करायचे ठरवले आहे, त्यात कार्यक्रम बंद करा अशी मागणी नाही. अर्जाबरोबर मैदानाचा नकाशा जोडून जवळच्या घराचे, दवाखान्याचे आणि शाळेचे अंतर लिहावे. परवानगीत भागाचा वर्ग आणि हद्दीवरचा कमाल आकडा अंकात नमूद करावा. स्पीकरची तोंडे वसाहतीच्या उलट दिशेला ठेवण्याची आणि सबवूफरची, म्हणजे खर्जाचा आवाज काढणाऱ्या स्पीकरची, संख्या मर्यादित करण्याची अट घालावी. कुंपणापाशी आणि एका घराच्या गच्चीवर संयोजकाच्या खर्चाने मापक ठेवून त्याची नोंद तिथल्या तिथे मिक्सरवर बसलेल्या माणसाला दिसेल अशी सोय करावी. एवढे केले तर हवालदाराला मंचावर चढून वाद घालावा लागणार नाही, कारण आकडा साउंडवाल्यासमोरच असेल. सर्वांत महत्त्वाची अट अनामत रकमेची आहे: ती आधी भरून घ्यावी, नोंदीत ठरलेला आकडा ओलांडला गेला तर जप्त व्हावी, आणि त्याच संयोजकाच्या पुढच्या अर्जावर त्याचा शेरा राहावा. त्याशिवाय एका मैदानावर एका हंगामात किती कार्यक्रम होतील याची संख्या महापालिकेने ठरवावी, आणि बोर्डाच्या परीक्षांचे दिवस त्यातून वगळावेत.

आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांनी मसुदा वाचून एक कलम वाढवायला लावले. मंजूर परवानगीची प्रत कार्यक्रमाच्या किमान सात दिवस आधी मैदानाच्या फाटकावर आणि वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लावावी, म्हणजे ती मिळवण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागणार नाही. सह्या गोळा करण्याचे काम सुरू आहे. मैदानाच्या मालकांनाही मसुद्याची प्रत दिली असून, अनामत रक्कम त्यांच्याकडून न घेता संयोजकाकडून घ्यावी एवढी एकच दुरुस्ती त्यांनी सुचवली. ती आम्ही मान्य केली आहे.