“इंजेक्शन बंद करा, मग दाढ काढू”

आईची खालची दाढ हलत होती, मुळाशी पू झाला होता. हाडांच्या ठिसूळपणासाठी तिला दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन असतं. एक्स-रे, रक्ततपासणी दोन दिवसांत उरकली. घोडं अडलं ते एका चिठ्ठीपाशी.

दाताच्या दवाखान्यात म्हणाले, “इंजेक्शन सहा महिने बंद करा, हाडाच्या डॉक्टरांचं फिटनेस आणा.” हाडाच्या डॉक्टरांनी त्याच चिठ्ठीवर लिहिलं, “दंतवैद्यांच्या सल्ल्याने.” या येरझाऱ्यांत तीन आठवडे गेले. राग अजून आहे, कारण ते “बंद करा” धोक्याचं होतं. डेनोसुमॅब हाडात साठून राहत नाही. सहा महिन्यांनी त्याचा असर उतरतो आणि हाड आधीपेक्षा वेगाने झिजू लागतं. सात महिन्यांपुढे लांबलं तर पाठीचे मणके दबून मोडू शकतात, एकापाठोपाठ अनेक. ठिसूळपणासाठीच आठवड्याला घेतात त्या ॲलेंड्रोनेट गोळीचं उलट आहे. ती हाडात वर्षानुवर्षं टिकते, त्यामुळे चार गोळ्या चुकवून जबड्याला फारसा फायदा नाही. दोन्ही औषधांना एकच नियम लावला की असा घोळ होतो.

भीती असते ती या औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं पडून आठ आठवड्यांनीही न झाकलं जाण्याची. कॅन्सर हाडात पसरलेल्यांना हेच औषध १२० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी देतात. त्यांना हा धोका बराच जास्त. ठिसूळपणाच्या डोसला तो कमी असतो. उलट पू तसाच ठेवला तर त्यानेच हा धोका वाढतो.

गाडी हलली ती मी कागदावर तारखा मांडल्यावर. शेवटचं इंजेक्शन ५ जानेवारी, पुढचं ५ जुलै, स्टिरॉइड नाही, साखर आटोक्यात. खाली एकच प्रश्न: “एप्रिलअखेर दाढ काढली तर जुलैपर्यंत जखम भरायला आठ आठवडे मिळतात, चालेल का?” हाडाच्या डॉक्टरांनी तिथेच “चालेल, पुढचं इंजेक्शन वेळेवर” असं लिहून सही केली. “फिटनेस द्या” म्हटलं की कुणी जबाबदारी घेत नाही. तारखेचा प्रश्न विचारला की उत्तर मिळतं. शेवटच्या डोसनंतरचा तिसरा-चौथा महिना सोयीचा, आणि त्यातलेच तीन आठवडे आमचे वाया गेले होते.

दाढ काढताना हाडाच्या टोकदार कडा घासून घेतल्या, हिरडी टाक्यांनी मिटवली. नंतर दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या. टूथपेस्टनंतर लगेच नको, अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर गुळण्यांचा परिणाम कमी होतो. आठव्या आठवड्यात जागा गुलाबी, बंद. ५ जुलैला इंजेक्शन झालं; त्याआधी रक्तातलं कॅल्शियम तपासून घेतलं, ते विसरू नका.

हे आधी सांगायला हवं होतं: इंजेक्शन सुरू करायच्या आधीच दात तपासून घ्या आणि काढायचे असतील ते तेव्हाच काढा. पूर्ण जबड्याचा एक्स-रे झालाच असेल तर खालच्या कडेचं हाड किती जाड आहे तेही विचारा. ते ३ मिलिमीटरपेक्षा पातळ दिसलं आणि डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) झालेली नसेल, तर ती करून घ्या.