आधी त्रिकोण, मग तंटा

इथे जर्मनीत पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या गाडीला नुसता ओरखडा पाडलात आणि काचेवर नाव-नंबराची चिठ्ठी लावून निघून गेलात, तरी तो गुन्हा ठरतो. थांबायचं, मालकाची वाट बघायची, तो नाहीच आला तर पोलिसांना कळवायचं. दंडसंहितेचं कलम १४२, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हा नियम सोलापूरच्या सात रस्ता चौकाला लावला तर दुपारपर्यंत अर्धं शहर तिथंच खोळंबेल.

पण या लोकांच्या काटेकोरपणातली एक गोष्ट उचलून न्यावी अशी आहे: अपघातानंतर कुठलं काम कुठल्या क्रमाने करायचं ते. चूक कोणाची, हा प्रश्न इथे शेवटी येतो. आपल्याकडे गाडीचं दार उघडायच्या आत तोंडून निघालेला असतो.

आधी चारी इंडिकेटर चालू. मग आत बसूनच चकाकणारं जॅकेट अंगात. म्हणून ते डिकीत ठेवायचं नाही, दाराच्या कप्प्यात ठेवायचं. उतरायचं ते वाहतुकीच्या उलट्या बाजूने, म्हणजे आपल्याकडे डावीकडून. ड्रायव्हरने शेजारच्या सीटवर सरकून. बाकीच्यांनी थेट कठड्यापलीकडे जायचं. दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहून बंपर न्याहाळायचा नाही.

आणि मग त्रिकोण. नव्या गाडीबरोबर तो आपल्यालाही मिळतो. बहुतेकांच्या डिकीत स्टेपनीजवळ प्लास्टिकसुद्धा न फाडता पडलेला असतो. जो कोणी बाहेर काढतो, तो गाडीमागे चार पावलांवर ठेवतो. त्याचा उपयोग शून्य. इथल्या ड्रायव्हिंग स्कूलमधला हिशेब बघा: ताशी १०० च्या वेगात ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडी ३० मीटर गेलेली असते आणि थांबायला आणखी १०० लागतात. एकूण १३०. म्हणून हायवेवर त्रिकोण किमान १५० मीटर मागे. ताशी ५० ला १५ अधिक २५, म्हणजे ४०. म्हणून गावात ५० मीटर पुरतात. इथे रस्त्याकडेला दर ५० मीटरला पांढरा खांब असतो, तीन खांब मोजले की झालं. आपण २०० पावलं मोजावीत. त्रिकोण उघडून छातीसमोर धरून, कठड्यापलीकडून किंवा अगदी कडेने चालावं. वळण किंवा चढ असेल तर त्याच्या अलीकडे ठेवावा, पलीकडे ठेवला तर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

हे एवढं लांबवायचं कारण आपला जिल्हा. गाळप हंगामात पुणे हायवेवर, मोहोळ-टेंभुर्णीच्या पट्ट्यात, रात्री दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर बंद पडतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाड्यांखाली, म्हणजे शेंड्यांच्या पाल्याखाली, झाकलेला. ड्रायव्हर काय करतो? भोवती दगड मांडतो, एखादी बाभळीची फांदी टाकतो. दगड रात्री चमकत नाहीत. ट्रॅक्टर सुरू झाला की तो जातो, दगड तिथंच, आणि पहाटे दुचाकीवाला त्यावर चढतो. पहिल्या अपघातापेक्षा मागून येऊन आदळणाऱ्या दुसऱ्यात माणसं अनेकदा जास्त वाईट सापडतात, ती अशी.

यानंतर फोन. ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ पण चालतो. ‘ढाब्याच्या पुढे’ असं सांगू नका, त्या रस्त्यावर ढाबे किती! किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, आणि पुण्याकडे जाणारी बाजू की सोलापूरकडे येणारी, तेही. दुभाजकामुळे चुकीच्या बाजूने आलेल्या रुग्णवाहिकेला लांबून वळून यावं लागतं.

जखमीला मदत न करणं हा जर्मनीत गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद. लायसन्सआधी ४५ मिनिटांच्या नऊ तासिकांचा प्रथमोपचार वर्ग सक्तीचा. आपला ढाब्यावरचा माणूस समोरचं ताट टाकून धावतो, त्याला कलम दाखवावं लागत नाही, हे इथल्या लोकांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. फक्त हातपाय धरून जीपमध्ये टाकायची घाई नको. गाडी पेटत नसेल तर मान न हलवता तसंच राहू द्या, रक्त येतं तिथे कापड दाबून धरा, बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका. पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती जुनी झाली: मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार मदत करणाऱ्यावर नाव सांगायचीही सक्ती नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात पोचवणाऱ्याला ‘राहवीर’ योजनेत २५,००० रुपये आहेत. जखमीवर नेमलेल्या रुग्णालयात सात दिवस, दीड लाखापर्यंत उपचार रोख पैसे न भरता होतात.

ड्रायव्हर पळून का जातो, असं इथे विचारतात. जमावाच्या भीतीने. आपल्या कलम १३४ मध्ये जमावाच्या क्षोभाचा शब्दशः उल्लेख आहे: त्यापायी जखमीला दवाखान्यात नेता आलं नाही तर ते समजून घेतलं जातं. पण मग सरळ जवळचं पोलीस ठाणं गाठायचं, २४ तासांच्या आत. घरी जायचं नाही.

फोटो गाड्या हलवण्यापूर्वी: चारी कोपऱ्यांतून, लांबून रस्त्याच्या पट्ट्यांसह, टायरच्या खुणा, काचांचा खच, नंबर प्लेट. कोणी जखमी असेल तर पंचनाम्यापर्यंत गाडी शक्यतो जागची हलवू नये. नुसता पत्रा चेपला असेल तर लगेच कडेला घ्यावी. इथे तर तशी सक्तीच आहे.

आणि स्टार्टर मारून बघू नका. खाली तेल गळत असेल तर चेंबर (इंजिनखालची तेलाची टाकी) फुटलंय, हिरवं पाणी असेल तर रेडिएटर. तशीच चालवत गॅरेजपर्यंत नेली की इंजिन जाम होतं आणि विमा कंपनी म्हणते, हे अपघाताने नाही, तुम्ही केलं. टोइंग करून न्या, कंपनीला त्याच दिवशी कळवा, सर्व्हेअर बघून जाईपर्यंत मिस्त्रीला नट काढू देऊ नका.

किरकोळ डेंटसाठी मात्र क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनसचा हिशेब घाला: क्लेम न करता गेलेल्या पहिल्या वर्षानंतर विम्याच्या हप्त्यात २० टक्के, अशा पाच वर्षांनी ५० टक्के सूट असते, आणि एका क्लेमने ती जाते. चार हजारांच्या बंपरसाठी ती घालवणं परवडत नाही. इजा झाली असेल तर रस्त्यावरच दोन-पाच हजार घेऊन कागदावर सही करू नका. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो.