लाखीशचा उतार

वेस्ट बँकमधल्या यरीहोला (जेरिकोला) माझी निराशा झाली, हे आधीच सांगून टाकतो. रणशिंगांच्या आवाजाने तट कोसळला, ही बायबलमधल्या इस्राएली सेनानी यहोशवाची गोष्ट डोक्यात घेऊन गेलो होतो. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ मध्ये तिथे खोदलं, तेव्हा शहर इ.स.पू. १५५० च्या सुमारासच उद्ध्वस्त झाल्याचा निष्कर्ष निघाला. यहोशवाचा काळ त्यानंतर दीडशे ते तीनशे वर्षांनी धरतात. तेव्हा पाडायला तिथे तट नव्हताच, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

इस्राएलमधल्या लाखीशला, म्हणजे प्राचीन यहूदा राज्यातल्या तटबंदीच्या शहराच्या जागी, मात्र पाय निघेना. आपल्या पांढरीच्या टेकाडासारखंच टेकाड, फक्त भलं थोरलं. नैर्ऋत्य कोपऱ्यात इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूराचा (असिरियाचा) राजा सन्हेरीब याच्या सैन्याने रचलेला दगडांचा उतार अजून आहे. दगड एकट्या माणसाला उचलता येतील एवढेच, पण हजारो टन! याच वाटेने लाकडी यंत्रं तटाला भिडली. पुरातत्त्वज्ञ डेव्हिड उसिश्किन यांच्या उत्खननात कळलं की शहरवाल्यांनीही आतून उलटा भराव घातला होता. शिवाय बाणांची शेकडो टोकं मिळाली, गोफणीचे गोटेही.

सोबत इस्राएलमधल्या अश्दोद शहरातले एक बेने इस्राएल (मराठी ज्यू) काका होते, मूळचे अलिबागकडचे. म्हणाले, "वरून गोफणीचा मारा चाललाय आणि खाली हे दगड वाहतायत. कसं केलं असेल रे?"

हाच वेढा सन्हेरीबाने आपल्या राजधानीच्या, निनवेच्या राजवाड्यात दगडी पट्टांवर कोरून घेतला. ते पट्ट आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत: वरून पेटत्या मशाली पडतायत, खाली बायकापोरं बैलगाड्यांतून गाव सोडतायत. शेजारी लाखीशचं नावही कोरलंय. म्हणजे बायबल, शत्रूची चित्रं आणि जमीन, तिन्हींची साक्ष जुळते. असा योग दुर्मीळच.

हिशोबात मात्र दोन्ही बाजू आपापलं बघतात. बायबलनुसार यहूदाच्या हिज्कीया राजाने सन्हेरीबाला खंडणी म्हणून ३० किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं आणि ३०० किक्कार रुपं, म्हणजे चांदी, दिलं. सन्हेरीब सोनं तेवढंच सांगतो, रुपं ८००! हिज्कीयाची राजधानी यरुशलेम (जेरुसलेम) वाचली ती देवदूताने एका रात्रीत १,८५,००० अश्शूरी मारले म्हणून, असं बायबल म्हणतं. सन्हेरीब त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, एवढीच त्याची बढाई. शहर घेतलं, असं मात्र तोही कुठे म्हणत नाही.